तीन म्हणायचं काम कॅमेऱ्याचं

सगळी भानगड सुरू झाली ती एका तिळावरून.

शाळेच्या ग्रुप फोटोत उजव्या कोपऱ्यात बसलेल्या एका मुलाच्या गालावर तीळ आला. बरं, मुलाला तीळ नव्हताच. त्याच्या आईने शाळेत येऊन तसं ठणकावून सांगितलं आणि पुरावा म्हणून मुलाचा गाल सोबत आणला. मग मुख्याध्यापिका बाईंनी बाकीच्या वर्गांचे फोटो टेबलावर मांडले, तर काय! प्रत्येक वर्गात उजव्या कोपऱ्यातल्या पोराच्या गालावर त्याच जागी तोच तीळ. एका वर्गात त्या कोपऱ्यात गणिताचे सर बसले होते, त्यांनाही तीळ. फक्त त्यांची तक्रार नव्हती. त्यांच्या मते तो त्यांना शोभत होता.

आता हे फोटो काढणारे म्हणजे आपले काका. खरं नाव काय ते त्यांच्या दुकानाच्या पाटीवरही नाही, पाटीवर नुसतं ‘फोटो’ लिहिलंय. सगळी गल्ली त्यांना ‘हलूनका’ म्हणते, कारण माणूस समोर स्टुलावर टेकायच्या आधीच हे ओरडणार, “हलू नका!” लहान पोरं त्याला वर ‘काका’ जोडायला जातात आणि मध्येच त्यांची जीभ अडकते, म्हणून मग नुसतंच काका.

आणि काकांची एक पद्धत होती, ती आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं रामायण तिच्यावरूनच झालं. काका म्हणायचे, “एक... दोन...” आणि गप्प. तीन कधीच म्हणायचे नाहीत. तीनच्या जागी कॅमेरा वाजायचा, खटॅक! तो जुना धूड कॅमेरा असा वाजायचा की शेवटच्या रांगेतल्या पोरापर्यंत ऐकू जावं. दोननंतर सगळे श्वास रोखायचे, डोळे ताणायचे, आणि खटॅक झालं की सगळे एकदम सैल. डोळे काय मिटायचे ते मग मिटा. “तीन म्हणायचं काम कॅमेऱ्याचं,” काका म्हणायचे, “आपण त्याच्या कामात तोंड घालायचं नाही.”

तर तो तीळ म्हणजे त्या कॅमेऱ्याच्या पोटातल्या काचेवरचा ओरखडा निघाला. दुरुस्तीवाल्याने कॅमेरा उघडला, आत बघितलं, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात ना, तसं काकांना बाजूला घेऊन सांगितलं, “याचे पार्ट आता येत नाहीत.”

इकडे बाईंनी बोलावलं. बाई नव्या, कडक, आणि हसण्याचा त्यांचा काही रिवाज नव्हता. म्हणाल्या, “यंदा वर्गांबरोबर अख्ख्या शाळेचा एक फोटो हवाय. प्रवेशाच्या भिंतीवर लावणार, भिंतीएवढाच. त्यात तीळ नको. आणि एकाचाही डोळा मिटलेला चालणार नाही, मी भिंग घेऊन बघणार. जमत नसेल तर आताच सांगा. तुमच्या समोरच्यांकडे नवा कॅमेरा आलाय म्हणतात.”

समोरचे! काकांच्या दुकानासमोर काचेच्या दारांचा एक स्टुडिओ झाला होता. काका त्याचं नाव घ्यायचे नाहीत, ‘समोरचा’ म्हणायचे, तेही रस्त्याकडे पाठ करून. आणि शाळेचं काम म्हणजे काकांच्या दुकानाचा कणा. पासपोर्ट फोटोवर दुकानाचा दिवा चालायचा, पण दुकान चालायचं ते शाळेवर. शाळा गेली असती तर पाटीवरचं ‘फोटो’ पुसून ‘भाड्याने देणे आहे’ लिहायचं, एवढंच काम उरलं असतं.

काकांनी बाईंना सांगितलं, “जमेल.” आणि घरी येऊन काकूंना म्हणाले, “अगं, एक कॅमेरा घ्यावा लागणार.”

‘एक कॅमेरा.’ काकू अजूनही हे दोन शब्द अशा काही म्हणतात की ऐकणारा उठून पाणी प्यायला जातो.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. शेजारच्या दुकानातले शिंपीदादा टेप गळ्यात घालूनच आले. “घ्यायचाय तर जरा मोठा घ्या. पुढे-मागे कमी करता येतो, वाढवता येत नाही.” काकूंचा भाऊ तर काय, रोज फोनवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघणारा माणूस. त्याने स्वतः कधी कॅमेरा घेतला नव्हता, त्यामुळे त्याला सगळंच माहीत होतं. तो म्हणाला, “दाजी, घ्यायचा तर प्रोफेशनलच घ्या. हौशी लोकांचा घेऊ नका.” आता काकांना हौशी म्हणणं म्हणजे शेपटीवर पाय. झालं, स्वस्तातला जो एक बघून ठेवला होता तो तिथेच बाद.

शोरूममधला पोरगा गोड बोलणारा. त्याने काचेच्या कपाटातून असा नाजूकपणे कॅमेरा काढला, जसं काही बारशाचं बाळ. काही बटणं दाबली, काकांच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, “सर, काढले बघा वीस फोटो.”

“कधी?”

“तेच तर, सर! आवाजच नाही! झाडावरचं पाखरूसुद्धा उडणार नाही.”

काका खूश. आता काकांनी उभ्या आयुष्यात एकाही पाखराचा फोटो काढला नव्हता, पण आपल्यामुळे ते उडणार नाही याचं त्यांना फार समाधान वाटलं. जुना कॅमेरा बदल्यात द्यायचं ठरलं होतं. पोराने तो हातात तोलला आणि म्हणाला, “याच्या बदल्यात आम्ही एक पिशवी देऊ शकतो, सर. कॅमेऱ्याची पिशवी.” काकांनी जुना कॅमेरा त्याच्या हातातून काढून घेतला, छातीशी धरला आणि नव्याचा भाव कागदावर लिहून घेऊन थेट बँकेत गेले.

बँकेतल्या साहेबांनी कागद चाळले. सगळं होतं. दुकानाचा दाखला होता, भाडेकरार होता, विजेचं बिल होतं. साहेब म्हणाले, “आणि तुमचे दोन फोटो.”

काकांनी खिसे चाचपले.

“फोटो?”

“हो, अलीकडचे. तुम्ही... फोटोग्राफरच ना?”

अरे, अख्ख्या गावाचे फोटो काढणाऱ्या माणसाकडे स्वतःचा एक फोटो नव्हता! शेवटचा होता तो लग्नातला, आणि त्यातही काका अर्धे, कारण तेव्हा ते दुसऱ्या फोटोग्राफरला लाइट कुठे लाव ते सांगायला वळले होते. काका दुकानात आले, जुना कॅमेरा तीन पायांच्या घोडीवर लावला, टायमर दिला आणि धावत जाऊन स्टुलावर बसले. पहिल्या फोटोत धावणारी पाठ. दुसऱ्यात नुसतं हलणारं स्टूल. तिसऱ्यात काका होते, पण तोंड उघडं, कारण स्वतःलाच “हलू नका” म्हणत होते. मग काकूंना बोलावलं. काकूंनी काढलेल्या फोटोत काकांचा शर्ट फार छान आला, सगळी बटणं दिसत होती. वर मान होती. मानेच्या वर काही नव्हतं.

“तुम्ही उंच आहात त्याला मी काय करू?” काकू म्हणाल्या.

बँक पाचला बंद. साडेचारला काका रस्ता ओलांडताना दिसले. शिंपीदादांची मशीन बंद पडली. औषधाच्या दुकानातले मालक बाहेर येऊन उभे राहिले. काका समोरच्याच्या काचेच्या दाराशी गेले, आपण चुकून आलो असं दाखवायचा प्रयत्न केला, पण दार आपोआप उघडणारं होतं, ते उघडलं.

“या या काका! बसा की!” समोरचा पोरगा खरंच चांगला होता, हाच तर काकांना सगळ्यात जास्त त्रास. त्याने खुर्ची पुसली, चहा विचारला, काकांची कॉलर सरळ केली, आणि कॅमेरा डोळ्याला लावून म्हणाला, “हलू नका हं!”

हलू नका! काकांचं वाक्य! काकांच्याच तोंडावर! काका रागाने असे ताठ झाले की पापणीसुद्धा लवली नाही. बसले. बसलेच. हसू चेहऱ्यावर चिकटवलेलं, मान वाकडी, बसलेच.

“काका, झाला की केव्हाच. चहा घ्या.”

काका बाहेर आले ते पुटपुटत, “काम शिकलेलं नाही पोरगं. माणसाला कळायला नको का फोटो झाला ते?” बघा, तिथेच होतं सगळं! तिथेच कळायला हवं होतं! पण माणूस रागावलेला असला की त्याला ऐकू येत नाही, आणि जे वाजतच नाही ते तर त्याहून नाही.

कर्ज मंजूर झालं. कॅमेरा आला. खोक्यातून काढला, सगळ्यांनी बघितला, आणि काकांनी आपली जुनी लेन्स त्याला लावायला घेतली. बसेना. उजवीकडे फिरवली, डावीकडे फिरवली, बसेना.

“दाजी, ही नव्याला बसतच नाही,” मेहुणा म्हणाला. “मध्ये जोडकडं लागतं. ते वेगळं.”

“मग आधी का नाही बोललास?”

“तुम्ही कॅमेऱ्याचं विचारलंत. लेन्सचं कुठे विचारलंत?”

जोडकडं आणलं. ते लावल्यावर फोटोच्या कडा धूसर यायला लागल्या, म्हणजे कोपऱ्यातल्या पोराला आता तीळ नव्हता, पण पोरगंही नव्हतं. मग नवी लेन्स. आता काकूंनी कपडे धुवायच्या मशीनसाठी पैसे बाजूला टाकले होते. मोरीत त्या मशीनची जागाही ठरली होती, तिथे काकू बादलीसुद्धा ठेवायच्या नाहीत, सवय राहावी म्हणून. काका दोन दिवस त्या मोकळ्या जागेकडे बघून खाकरत होते. तिसऱ्या दिवशी काकूंनी स्वतःच त्या जागेवर बादली आणून ठेवली.

“घ्या,” म्हणाल्या. “शाळा गेली तर मशीनमध्ये धुवायला कपडे तरी कुठून येणार?”

काकांनी लेन्स आणली, आणि त्या संध्याकाळी पिळलेल्या चादरीचं दुसरं टोक धरायला न बोलावता गेले.

आता तरी संपलं ना? छे! नव्या कॅमेऱ्याचे फोटो एवढाले मोठे की दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरने पहिला फोटो उघडायला घेतला, कपाळापर्यंत उघडला आणि तिथे दमला. सबंध दुपार नुसतं कपाळ. ज्यांचं होतं ते शिंपीदादा शेवटी “नाकापर्यंत आलं की कळवा” म्हणून निघून गेले. मग कॉम्प्युटर, हप्त्याने. कॉम्प्युटर लावला तर दुकानाचा फ्यूज उडाला. वायरमन आला, भिंतीवर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, “हे वायरिंग कोणी केलं होतं?” जगातला प्रत्येक वायरमन हेच विचारतो, आणि उत्तर काहीही दिलं तरी मान हलवतो. त्याने नवी वायर भिंतीतून आरपार घेतली. भिंतीच्या पलीकडे काकांचा फोटोमागे लावायचा तो प्रसिद्ध पडदा होता, तळं, कमळं, दोन हंस. ड्रिल जे निघालं ते सरळ डाव्या हंसाच्या मानेतून.

शिंपीदादांनी हंस शिवून दिला. फुकट, पण मान जरा आखूड झाली. “शिलाईत जातं तेवढं,” ते म्हणाले. तेव्हापासून तो बदक दिसतो.

या सगळ्यात दुकान बंदच. नव्या कॅमेऱ्याचा सराव काय झाला, तर काकू कपडे आपटताना आणि शिंपीदादा मशीन चालवताना. दोन्ही ठिकाणी एवढा दणदणाट की कॅमेरा वाजत नाही याने काही अडेल हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. काका मात्र खूश होते. “काय शांत आहे गं,” म्हणायचे, “मांजरासारखा.”

आणि शाळेचा दिवस उगवला.

मैदानात अख्खी शाळा. लहान पोरं खाली मांडी घालून, मधली बाकांवर, मोठी मागे टेबलांवर उभी, मधोमध शिक्षक, आणि सगळ्यांच्या मध्यभागी बाई, खुर्चीत ताठ. काका शिडीवर. काकू शिडी धरून, खांद्याला पिशवी, पिशवीत जास्तीची बॅटरी आणि, असू दे म्हणून, तो जुना कॅमेराही.

“हलू नका!” काका गरजले. मैदान चिडीचूप.

“एक... दोन...”

काकांनी बटण दाबलं.

काहीच नाही. म्हणजे फोटो निघाला, जुन्यापेक्षा चपळ ना, पोरांनी डोळे ताणायच्या आधीच. पण खटॅक नाही! आणि पोरं, पहिलीपासून काकांच्या हाताखाली तयार झालेली पोरं, श्वास रोखून तीनची वाट बघत बसली. गाल फुगले. कान लाल झाले. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी जांभळी पडायला लागली. मग मागच्या टेबलावरून कोणाचा तरी श्वास सुटला, फुस्स, आणि अख्खी शाळा फुटली.

“झाला, झाला! निघाला फोटो!” काका ओरडले.

“कधी?” गणिताचे सर म्हणाले. “आम्ही तर तयारच होतो!”

काकांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून बघितलं. कोणी डोळे मिटलेले, कोणी तारवटलेले, शिपाई चक्क आकाशात बघतोय. पुन्हा. “एक... दोन... झाला!” आता लहान मुलांना मोठ्या माणसाचं ‘झालं झालं’ चांगलंच माहीत असतं, इंजेक्शन देणारे डॉक्टरही तेच म्हणतात. कोणी विश्वास ठेवेना. पुन्हा तेच, अर्ध्यांचे डोळे मिटलेले.

बाईंनी घड्याळ बघितलं. पोरांवर ऊन चढत होतं. बाई शांतपणे म्हणाल्या, “समोरच्यांना फोन लावू का?”

काका शिडीवर पांढरे पडले. सगळे हप्ते डोळ्यांसमोर रांगेने उभे राहिले, अगदी ग्रुप फोटोसारखे, छोटे खाली, मोठे मागे. खाली काकूंनी हे बघितलं. मुकाट्याने पिशवीतून जुना कॅमेरा काढला.

“अहो, तुम्ही दोन म्हणा. तीन मी वाजवते.”

काय डोकं बघा! काका म्हणाले, “एक... दोन...” आणि खालून काकूंनी वाजवला, खटॅक! अस्सल, ओळखीचा, दणदणीत. काकांनी त्याच क्षणी बटण दाबलं. सगळे सैल झाले. सगळे खूश. काकांनी फोटो मोठा केला. सगळ्यांचे डोळे उघडे! एकूण एक!

आणि सगळे काकूंकडे बघत होते. आवाज जिकडून आला तिकडे, शिडीच्या पायथ्याशी. अख्खी शाळा मान वळवून, काही हरवलंय आणि ते शिडीखाली सापडेल अशा आशेने.

बाईंनी फोन बाहेर काढला.

आता बघा, काका चाळीस वर्षं या धंद्यात. कोट घालून शिडीवर चढणारा माणूस. समोर अख्खी शाळा, शिक्षक, शिपाई. आणि काका एकदम म्हणाले, “बाई, एकच. शेवटचा.” आवाज असा आला की बाईंचा हात थांबला. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

“हलू नका! एक... दोन...”

आणि काकांनी तोंडाने, पोटापासून, सगळ्या हप्त्यांसकट, आवाज काढला:

“खटॅऽऽक!”

कोणाला काही कळायच्या आत बटण दाबून झालं होतं.

क्षणभर मैदान तसंच. मग पहिली ती चिमुरडी हसली, मग रांग, मग टेबलं, टेबलं हलायला लागली, गणिताचे सर बाकावरून घसरले. शिडी लटपटली, कारण काकू शिडी धरूनच हसत होत्या. एकटे काका वर, कॅमेऱ्यामागे चेहरा लपवून. कान तेवढे दिसत होते, लालबुंद. आता इज्जत काय राहिली, असं त्यांना वाटत होतं. पण नजर गेली पडद्यावर, आणि काका फोटो मोठा करतच राहिले.

असला फोटो मी तरी बघितला नाही बुवा. एवढा मोठा, कोट घातलेला माणूस शिडीवरून तोंडाने खटॅक करतोय म्हटल्यावर शाळेतल्या झाडून सगळ्यांचा एकूण एक डोळा वाटीएवढा उघडला होता! आणि सगळे सरळ, थेट, काकांकडे बघत होते. उजव्या कोपऱ्यात तीळ नाही, पोरगं जागेवर. आणि मधोमध बाई. सगळ्यात मोठे डोळे बाईंचे, आणि ओठांच्या एका कोपऱ्यात हसू फुटायच्या अगदी बेतात.

फोटो भिंतीवर लागला तेव्हा बाई खरंच भिंग घेऊन आल्या. डावीकडून उजवीकडे, रांगेमागून रांग. काका आणि काकू मागे उभे, काकूंनी काकांची बाही घट्ट धरलेली. बाई मधोमध आल्या, स्वतःच्या चेहऱ्यापाशी जरा जास्तच थांबल्या. मग भिंग पर्समध्ये टाकलं.

“पुढच्या वर्षीही तुम्हीच या,” म्हणाल्या. आणि निघता निघता, वळून न बघता, “पण तो आवाज तोंडानेच करायचा.”

त्या रात्री मेहुणा जेवायला आला होता. कॅमेरा हातात घेऊन उगाच बटणं दाबत बसला, आणि एकदम म्हणाला, “अरे! दाजी, शोरूमवाल्याने आवाज बंद करून ठेवलाय! हे बघा, इथे चालू होतो. लहान, मोठा, पाहिजे तेवढा.”

त्याने चालू केला. बारीक, गोड, चिमणीने चोच मारावी तसा आवाज आला.

काकू काकांकडे बघायला लागल्या. मेहुणा आता आपलं काही खरं नाही म्हणून खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकला. काकांनी कॅमेरा हातात घेतला, पुन्हा एकदा वाजवून बघितला, आणि आवाज बंद करून टाकला.

“राहू दे, तोंडाचाच बरा,” म्हणाले. “अख्ख्या सामानात बिनहप्त्याचं तेवढंच आहे.”

काकू उठल्या आणि मोरीतली ती बादली पुन्हा जुन्या जागी सरकवून मशीनची जागा मोकळी करून आल्या.